डिव्हिलियर्स मूळचे कुठले? आफ्रिकान्स आडनावाचा माग कसा काढावा

एबी डिव्हिलियर्स, फाफ डू प्लेसिस, हॅन्सी क्रोनिए, रायली रुसो. ही नावं आपल्याकडे शाळकरी पोरांच्याही तोंडात बसलेली आहेत. चौघेही दक्षिण आफ्रिकेचे, चौघांची घरची भाषा आफ्रिकान्स, म्हणजे डचमधून निघालेली. आणि चारही आडनावं मुळात फ्रेंच. सव्वातीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रॉटेस्टंटांची, म्हणजे ह्युजेनॉटांची, ही आडनावं.

असं एखादं आडनाव धरून त्याचा माग स्वतः काढावा असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा लेख आहे. कुणाला निव्वळ हौस असते, कुणाला मराठी विकिपीडियावर नोंद लिहायची असते, कुणाच्या घरात दक्षिण आफ्रिकेची सून नाहीतर जावई आलेला असतो. मी उदाहरणाला डिव्हिलियर्स हे आडनाव घेतलंय. एक तर त्याचे कागद भरपूर आहेत. दुसरं म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या वंशावळी ज्या पद्धतीने मांडतात, ती पद्धतच मुळी एका डिव्हिलियर्सने बसवून दिलेली आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. नवखा माणूस हमखास आडनावाच्या मागे लागतो आणि थेट १६८९ सालात, म्हणजे पहिले डिव्हिलियर्स दक्षिण आफ्रिकेत उतरले त्या सालात, उडी मारतो. तसं करू नका. आडनाव हा या कामातला सगळ्यात कच्चा धागा आहे. माणूस धरायचा आणि एकेक पिढी मागे जायचं.

१. आधी इतिहासाचा सांगाडा डोक्यात बसवा

१५९८ मध्ये फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने नान्तचा जाहीरनामा काढून प्रॉटेस्टंटांना धर्म पाळायची मुभा दिली. ऑक्टोबर १६८५ मध्ये चौदाव्या लुईने ती काढून घेतली. प्रॉटेस्टंट पाद्र्यांना देश सोडून जायचं फर्मान निघालं, आणि सामान्य लोकांना मात्र देश सोडायला बंदी. तरीही सुमारे दोन लाख माणसं चोरवाटांनी बाहेर पडली: हॉलंड, इंग्लंड, जर्मन संस्थानं, स्वित्झर्लंड.

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये केपला, म्हणजे आजच्या केप टाउनच्या जागी, ठाणं वसवलं होतं. आशियाकडे जाणाऱ्या जहाजांना ताजं धान्य, भाजीपाला, मांस आणि वाईन पुरवणं हे त्या ठाण्याचं काम, आणि त्यासाठी शेतकरी हवे होते. हॉलंडमध्ये आलेले फ्रेंच निर्वासित कंपनीला सोयीचे वाटले. मोफत प्रवास, कसायला जमीन, आणि बदल्यात एकनिष्ठतेची शपथ व किमान पाच वर्षं तिथं राहायची अट. व्होरस्कोटेन हे जहाज ३१ डिसेंबर १६८७ ला हॉलंडहून निघालं आणि एप्रिल १६८८ मध्ये केपच्या किनाऱ्याला लागलं. मागोमाग ऊस्टरलँड, बर्ग चायना, स्केल्डे, झाउड-बेव्हेलँड अशी जहाजं आली. १६८८-८९ या दोन वर्षांत आलेल्या ह्युजेनॉटांची संख्या दोनशेच्या आतबाहेर भरते. एवढ्याशा माणसांची आडनावं आज अख्ख्या देशभर आहेत.

तरी १६८८ या सालाची चाळणी करू नका. व्हिल्योन आडनावाचा पूर्वज, गाड्या बांधणारा फ्रान्स्वा व्हिलियाँ, १६७१ मध्येच केपला पोचला होता. डु टॉय घराण्याचे दोघे भाऊ १६८६ चे. क्रोनिए घराण्याचे भाऊ १६९८ मध्ये आले.

आता भाषेचं. सायमन व्हॅन डर स्टेल या गव्हर्नरने फ्रेंचांना ड्राकेनस्टाइन आणि आजच्या फ्रान्सहूकच्या खोऱ्यात जमिनी दिल्या, पण डच शेतकऱ्यांच्या मध्ये मध्ये पेरून. कंपनीला वेगळी फ्रेंच वस्ती नको होती. शाळा डच. पिअर सिमों हा त्यांचा फ्रेंच पाद्री १७०२ मध्ये परत गेला, आणि पुढच्या पाद्र्याने डचमध्येच काम चालवावं असा कंपनीचा आग्रह राहिला. दोन-तीन पिढ्यांत फ्रेंच गेली. आडनावं राहिली, पण ती आता डच कारकुनांच्या लेखणीत होती.

२. आडनाव खरोखर ह्युजेनॉट आहे का, ते तपासा

दिसण्यावर जाल तर फसाल. 'डी' आणि 'डु'ने सुरू होणारं प्रत्येक आडनाव फ्रेंच नसतं. क्विंटन डी कॉकचं 'डी' डच आहे. डी बीर, डी वेट ही आडनावंही डच. उलट डी क्लर्क अस्सल डच वाटतं, पण माजी राष्ट्राध्यक्ष एफ. डब्ल्यू. डी क्लर्क यांच्या घराण्याचं मूळ आडनाव ल क्लर्क, म्हणजे फ्रेंच.

खरे चकवणारे वेगळेच. नेल या दोन अक्षरी आडनावात काही फ्रेंच असेल असं कुणाला वाटेल? ते रुआँच्या गियोम नेएल याचं. पिनार हे द्र गावच्या झाक पिनार या सुताराचं. रुसो हे ब्ल्वा गावच्या पिअर रूसोचं. व्हिल्योन वर आलंच. सेनेकाल म्हणजे सेनेशाल, डु प्रीझ म्हणजे दे प्रे. अभिनेत्री चार्लीझ थेरॉनचं आडनाव नीम शहराच्या झाक थेराँपासून आलेलं.

दुसऱ्या बाजूला बोथा, क्रुगर, मॉर्केल या आडनावांचे मूळपुरुष जर्मन, आणि प्रिटोरियस हे एका घराण्याने आपलं आडनाव लॅटिनमध्ये नेऊन केलेलं. हे सगळे पिढ्यान्‌पिढ्या ह्युजेनॉट घराण्यांशी सोयरिकी करत आलेत. त्यामुळे एखाद्या बोथाच्या अंगात फ्रेंच रक्त एखाद्या डिव्हिलियर्सपेक्षा जास्त असू शकतं. आडनाव फक्त बापाच्या बापाच्या बापाची एक रेघ दाखवतं. दहा पिढ्या मागे गेलात तर पूर्वजांच्या जागा हजाराच्या वर असतात. आडनाव त्यातल्या एकाबद्दल बोलतं.

पडताळ्यासाठी दोन ठिकाणं पुरतात. फ्रान्सहूकचं ह्युजेनॉट मेमोरियल म्युझियम, आणि १९५३ पासून काम करणारी दक्षिण आफ्रिकेची ह्युजेनॉट सोसायटी. दोघांकडे मूळ घराण्यांच्या याद्या आहेत. यादीत नाव नसलं तर तिथेच थांबून विचार करा.

३. स्पेलिंगची यादी करा, आणि उच्चार विसरा

डच कारकून ऐकेल तसं लिहायचा. त्यामुळे एकाच माणसाचं आडनाव बाप्तिस्म्याच्या वहीत एक, जमिनीच्या कागदावर दुसरं, मृत्युपत्रात तिसरं. डिव्हिलियर्सच्या बाबतीत जोडून, तोडून, एक 'एल' घालून, शेवटचा 'एस' गाळून, 'आय'च्या जागी 'जे' घालून अशी सगळी रूपं शोधायची. 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू'सुद्धा चालवून बघा. संगणकाच्या शोधखिडकीत पहिल्या फटक्यात हवी ती नोंद मिळाली तर नशीब समजा.

टीव्हीवर ऐकलेला उच्चार इथे कामाचा नाही. डु टॉय लिहिताना शेवटी 'टी' असतो, बोलताना नसतो. डू प्लेसिसमधला शेवटचा 'स' आफ्रिकान्समध्ये म्हणत नाहीत. मार्नस लाबुशेनचं आडनाव ऑस्ट्रेलियात एका तऱ्हेने म्हणतात आणि त्याचा जन्म झाला त्या क्लर्क्सडॉर्पमध्ये अगदीच निराळं. कागदावर अक्षरं असतात, त्यांच्यावर नजर ठेवा.

पहिल्या नावांचंही तेच. पिअरचा पिटर झाला, झाकचा याकोब, झाँचा यान, एतिएनचा स्टेफानस, गियोमचा विलेम. १६८९ मध्ये आलेल्या तीन डिव्हिलियर्स बंधूंपैकी झाक हा तर कंपनीच्या पहिल्याच पत्रात याकोब म्हणून आलाय, म्हणजे माणूस जहाजावर चढायच्या आधीच त्याचं नाव डच झालेलं.

आणि हाक मारायची नावं! फाफ म्हणजे फ्रान्स्वा. हॅन्सी क्रोनिएचं पूर्ण नाव वेसेल योहानेस. हॅन्सी हे त्यातल्या दुसऱ्या नावावरून. १९९४ च्या सिडनी कसोटीत ४३ धावांत ६ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाला ५ धावांनी हरवणारा फानी डिव्हिलियर्स कागदोपत्री पेट्रस स्टेफानस आहे. फानी नावाने शोधत बसलात तर जन्मभर बसाल.

४. आजपासून मागे चला

हाताशी जी शेवटची नक्की माहिती असलेली व्यक्ती आहे तिथून सुरुवात. बहुतेकदा ती आजी किंवा पणजोबा असतात. त्यांचं पूर्ण नाव, जन्माचं आणि मृत्यूचं साल, गाव, जोडीदाराचं नाव. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, घरच्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानांवर काय लिहिलंय ते बघा. आफ्रिकानर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्यांच्या, घरांत जन्म-मृत्यू तिथं नोंदवायची जुनी रीत आहे.

यानंतरचा सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे मृत्यूची सूचना. १८३४ पासून केप वसाहतीत कुणी वारलं की जवळच्या नातलगाने हा ठरीव नमुना भरून द्यायचा. मयताचं नाव, जन्मस्थळ, आईवडिलांची नावं, वय, लग्न झालेलं की नाही, जोडीदार कोण, मृत्यू कुठल्या शेतावर किंवा घरात झाला, मुलं कोण कोण, स्थावर-जंगम मालमत्ता होती का. एका कागदावर तीन पिढ्या. पुढे ट्रान्सवाल, फ्री स्टेट, नाताळ या बाकीच्या तीन प्रांतांतही असेच कागद तयार होऊ लागले. राष्ट्रीय अभिलेखागाराची ऑनलाइन सूची चारही ठिकाणचे संग्रह वेगळे दाखवते: केपला केएबी, ट्रान्सवालला टीएबी, फ्री स्टेटला व्हीएबी, नाताळला एनएबी. सूचीत फाइलचा क्रमांक मिळतो, कागद दिसत नाही. कागदाची प्रत मागवावी लागते, किंवा फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर त्याचं छायाचित्र आहे का ते बघायचं. फॅमिलीसर्चचं खातं फुकट आहे. तिथं डच रिफॉर्म्ड चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या कितीतरी वह्यांची पानंच्या पानं ठेवलेली आहेत.

मृत्यूच्या सूचनेवर एक शंका कायम ठेवा. ती भरून देणारा दुःखात असतो, घाईत असतो, कधी जावई असतो ज्याला सासऱ्याच्या आईचं नाव धड ठाऊक नसतं. मुलांची नावं साधारण बरोबर असतात, आईवडिलांची चुकू शकतात. म्हणून प्रत्येक पिढीला बाप्तिस्म्याची नोंद शोधून जोड द्यायची.

इथे डच रिवाजाचा एक मोठा फायदा आहे. लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव चर्चच्या वह्यांत चालू राहतं. इंग्रजी कागदांत बायका नवऱ्याच्या आडनावाखाली गडप होतात तसं इथे होत नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाप, माहेरच्या नावासकट आई आणि साक्षीदार असे सगळे असतात. साक्षीदार बहुधा नातलगच, आजी-आजोबा किंवा मामा-काका. दोन पिटर डिव्हिलियर्सांत आपला कोणता हा गुंता बऱ्याचदा साक्षीदारांवरूनच सुटतो.

५. अठराव्या शतकात शिरताना

१८३४ च्या मागे गेलं की नमुने संपतात आणि हाताने लिहिलेलं डच सुरू होतं. घाबरू नका. बाप्तिस्म्याच्या नोंदी ठरावीक साच्याच्या असतात, पंधरा-वीस शब्द ओळखता आले की गाडी चालू लागते. काही खाचखळगे मात्र आधीच माहीत हवेत.

महिना '७बर' लिहिला असेल तर तो जुलै नव्हे, सप्टेंबर. '८बर' ऑक्टोबर, '९बर' नोव्हेंबर. नावापुढे डब्ल्यू-ई-डी अशी तीन अक्षरं दिसली की इंग्रजीच्या सवयीने लग्न झालं असं वाटतं. तिथं ती बाई विधवा असते. छापील वंशावळींत एक फुली म्हणजे लग्न, दोन फुल्या म्हणजे दुसरं लग्न. फुली बघून माणूस मेला असं समजणारे नवखे पुष्कळ.

चर्चच्या वहीचा क्रम असा: केप टाउनच्या नोंदी १६६५ पासून, स्टेलनबॉशची मंडळी १६८६ ची, ड्राकेनस्टाइनची, म्हणजे आजच्या पार्लची, १६९१ ची. फ्रेंच घराण्यांसाठी ड्राकेनस्टाइन आधी बघायचं.

मला स्वतःला या काळातले सर्वांत आवडणारे कागद म्हणजे ओपखाफ रोल, दरवर्षीची कर आणि मालमत्तेची गणती. एका कुटुंबाला एक ओळ. नवरा, बायको, मुलगे, मुली, नोकर, गुलाम. मग घोडे, बैल, गाई, मेंढ्या, डुकरं. द्राक्षवेलींची संख्या, किती लीगर (वाईन मोजायचं जुनं माप) वाईन झाली, किती गहू पेरला आणि किती पिकला. शेवटी बंदुका आणि तलवारी. कर वाचवायला लोक पीक कमी सांगायचे, ही तक्रार तेव्हाही होतीच, म्हणून पिकाचे आकडे सबुरीने घ्या. पण मुलामुलींचा रकाना वर्षावर्षाला ताडून बघितला की घरात मूल कधी जन्मलं, कधी वारलं, मुलगी कधी लग्न होऊन गेली याचा अंदाज लागतो. बाप्तिस्म्याची वही जिथे फाटलेली असेल तिथं हाच आधार.

जोडीला अनाथ कोषाचे, म्हणजे अल्पवयीन वारसांची मालमत्ता सांभाळणाऱ्या कचेरीचे, कागद. अल्पवयीन मुलं मागे ठेवून कुणी वारलं की त्याच्या मालमत्तेची खोलीवार यादी व्हायची: दिवाणखान्यात इतक्या खुर्च्या, स्वयंपाकघरात इतकी तांब्याची भांडी, तळघरात इतकी पिंपं. यांतल्या पुष्कळ याद्या टंकलिखित होऊन इंटरनेटवर आल्या आहेत. यादीच्या डोक्यावर वारसांची नावं आणि वयं असतात. आपल्याला हवी ती ओळ तीच, पण पुढची भांडीकुंडी वाचल्याशिवाय राहवत नाही.

नावं ठेवायच्या रिवाजाचाही आधार घ्या. पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, तिसरा स्वतःच्या बापाच्या. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी बापाच्या आईच्या. रिवाज आहे, कायदा नव्हे. पण आजोबाचं नाव सापडत नसेल तर पहिल्या नातवाचं नाव बघणं शहाणपणाचं. याच रिवाजाने एकाच वेळी, एकाच खोऱ्यात, पाच-पाच याकोब डिव्हिलियर्स उभे केले, हेही तितकंच खरं.

६. मूळपुरुष आणि क्रमांकाची पद्धत

आता डिव्हिलियर्सच्या मुळाशी येऊ. कंपनीच्या डेल्फ्ट शाखेने १६ डिसेंबर १६८८ ला केपला पत्र धाडलं. त्यात लिहिलं होतं ते थोडक्यात असं: पिअर, अब्राहम आणि याकोब डिव्हिलियर्स हे तिघे सख्खे भाऊ, ला रोशेलजवळ जन्मलेले, या जहाजाने येत आहेत, त्यांना द्राक्षमळे लावायची आणि राखायची चांगली जाण आहे असं कळतं, तरी त्यांना मदतीचा हात द्यावा. झिऑन हे त्यांचं जहाज मे १६८९ मध्ये टेबल बेला लागलं. आडनावाच्या उगमाला इतकं नेमकं पत्र मिळणं हे भाग्य फार थोड्या घराण्यांच्या वाट्याला आलं.

तिघांनी फ्रान्सहूकच्या खोऱ्यात मळे उभे केले: पिअरचा बूर्गोन्य, अब्राहमचा शाँपान्य, झाकचा ला ब्री. पिअरचं लग्न ताय्फेर घराण्यात झालं. अब्राहम आणि झाक यांनी गार्दिओल घराण्यातल्या दोघी बहिणी केल्या. आडनाव पुढे चाललं ते मुख्यतः पिअर आणि झाक यांच्या मुलांकडून. हे ध्यानात ठेवा, कारण एबीचं पूर्ण नाव अब्राहम बेंजामिन आहे म्हटल्यावर तो अब्राहमचाच वंशज असं समीकरण चटकन मांडलं जातं. नाव जुळलं म्हणून शाखा जुळत नाही.

शाखा दाखवायला जी पद्धत वापरतात ती क्रिस्टोफेल कुट्सी डिव्हिलियर्स या केपच्या संशोधकाची. जुन्या केप घराण्यांच्या वंशावळींचं त्याचं काम तो गेल्यानंतर १८९३-९४ मध्ये तीन खंडांत निघालं. राहिलेलं काम इतिहासकार जॉर्ज मॅकॉल थील यांनी पुरं केलं. विसाव्या शतकात कोर पामा यांनी ते सुधारून वाढवलं, म्हणून आज तिला डिव्हिलियर्स-पामा पद्धत म्हणतात.

पद्धत सोपी आहे. अक्षर म्हणजे पिढी, आकडा म्हणजे भावंडांतला क्रम. मूळपुरुष 'ए'. त्याची मुलं बी१, बी२, बी३. नातवंडं सी, पणतवंडं डी. समजा एखाद्या माणसापुढे बी३सी२डी५ असं लिहिलंय. वाचायचं असं: मूळपुरुषाच्या तिसऱ्या अपत्याचं दुसरं अपत्य, त्याचं हे पाचवं अपत्य. कोकणस्थांचे कुळवृत्तांत ज्यांनी चाळलेत त्यांना ही मांडणी लगेच उमजेल. मात्र डिव्हिलियर्सना मूळपुरुष तीन आहेत. म्हणून नुसतं बी३ लिहून भागत नाही, पिअरचा बी३ की झाकचा ते आधी लिहायचं. आणि मधेच एखादं लहानपणी वारलेलं मूल नव्याने सापडलं की पुढचे सगळे आकडे सरकतात. दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांत एकाच माणसाचा क्रमांक वेगळा दिसला तर दचकू नका, आपण कुठली आवृत्ती धरली ते कागदावर टिपून ठेवा.

तुमची साखळी छापील वंशावळीतल्या एखाद्या क्रमांकाला जाऊन भिडली की बरंच काम आयतं हातात येतं. तरी मधल्या दोन-चार दुव्यांचे मूळ कागद स्वतः बघा. जेनी, विकीट्री असल्या संकेतस्थळांवर दक्षिण आफ्रिकेची झाडं अवाढव्य आहेत, आणि त्यांत एकाने केलेली चूक पन्नास जणांनी उतरवून घेतलेली असते. पन्नास ठिकाणी दिसते म्हणून ती खरी ठरत नाही.

७. फ्रान्सकडे जायची घाई नको

इथे बहुतेकांचा तोल जातो. मूळपुरुष सापडला की पुढचा मोह म्हणजे किल्ला, सरदारकी आणि राजचिन्ह. आडनावाची राजचिन्हं चौकटीत घालून विकणारे जगभर आहेत. ते त्या आडनावाच्या कुणालाही एकच चिन्ह विकतात. पैसे वाचवा.

'डिव्हिलियर्स' म्हणजे व्हिलिए गावचे, आणि व्हिलिए नावाची गावं फ्रान्सभर विखुरलेली. आडनावावरून गाव शोधणं म्हणूनच व्यर्थ. मळ्यांच्या नावांचंही तसंच. बूर्गोन्य, शाँपान्य आणि ब्री हे तिन्ही फ्रान्सच्या पूर्वेकडचे आणि मधले प्रदेश, आणि भाऊ पश्चिम किनाऱ्यावरच्या ला रोशेलजवळचे. मळ्याच्या नावावरून घराण्याचं गाव ठरवणाऱ्यांनी इथे चांगलाच मार खाल्लाय.

खरा शोध घ्यायचा तर त्या भागातल्या प्रॉटेस्टंट चर्चच्या वह्या बघाव्या लागतात, आणि छळाच्या काळात त्यांतल्या कितीतरी नष्ट झाल्या. मधला दुवा हॉलंड. तिथल्या फ्रेंच भाषेतल्या वालून चर्चांच्या नोंदी चांगल्या टिकल्या आहेत. निर्वासित कुटुंब जहाजावर चढण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षं हॉलंडमध्ये राहिलेलं असेल तर तिथं लग्नाची किंवा बाप्तिस्म्याची नोंद मिळण्याची शक्यता बरी असते.

८. आडनाव पसरलं कसं

उगमापेक्षा मला हा भाग जास्त रंगतदार वाटतो. डिव्हिलियर्स बराच काळ पार्ल आणि फ्रान्सहूकच्या आसपासच राहिले. बोशेन्डाल हा नावाजलेला मळा १७१५ च्या सुमारास या घराण्याकडे आला आणि दीडशेहून जास्त वर्षं राहिला. तिथल्या वाड्यावर आजही १८१२ साल आहे. पार्लमध्येच १८४२ साली जन्मलेले जॉन हेन्री डिव्हिलियर्स १९१० मध्ये दक्षिण आफ्रिका संघराज्याचे पहिले सरन्यायाधीश झाले. एबीचा जन्म मात्र देशाच्या पार उत्तरेला, आजच्या बेला-बेलामध्ये, फ्रान्सहूकपासून हजाराहून जास्त किलोमीटरवर.

मधलं अंतर बैलगाड्यांनी तोडलं. अठराव्या शतकात गुरं राखणारे शेतकरी कुरणांच्या शोधात पूर्वेला आणि उत्तरेला सरकत गेले. १८३५ नंतर इंग्रजांच्या राज्याला कंटाळून हजारो कुटुंबं केप सोडून आत गेली, तो ग्रेट ट्रेक. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी पीट रेतीफ हा ह्युजेनॉट घराण्यातलाच. म्हणून तुमच्या शोधात केपचा माग १८३०-४० च्या सुमारास अचानक तुटला तर नाताळ, फ्री स्टेट आणि ट्रान्सवालचे संग्रह उघडा. त्याच्याही पुढे काही कुटुंबं १८७० च्या दशकात वाळवंट ओलांडून अंगोलाकडे गेली, बोअर युद्धानंतर (बोअर म्हणजे हेच आफ्रिकानर, युद्ध इंग्रजांशी) काही अर्जेंटिनाच्या चुबुतमध्ये, १९०८ मध्ये काही केनियात एल्डोरेटच्या पठारावर.

आणि काही आपल्याकडे आली, पण कैदी म्हणून. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात पकडलेले सैनिक इंग्रजांनी समुद्रापार ठेवले. सेनापती पीट क्रोनिए २७ फेब्रुवारी १९०० ला पार्देबर्गला शरण आला, त्याची रवानगी सेंट हेलेनाला झाली. पुढे सिलोन, बर्म्युडा, आणि १९०१ पासून भारत. सुमारे नऊ हजार बोअर कैदी भारतातल्या छावण्यांत होते, आणि त्यांतली एक छावणी अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला. कैद्यांच्या नोंदवहीत नाव, वय, गाव किंवा जिल्हा, कुठे आणि कधी पकडला आणि कुठल्या छावणीत ठेवला हे असतं. ब्लूमफाँटेनच्या युद्ध संग्रहालयाकडे या नोंदींचा संच आहे. १९०१ च्या आसपास घरातला एखादा पुरुष कागदांवरून नाहीसा झाला असेल तर तिथं विचारा. बायकामुलं त्याच काळात दक्षिण आफ्रिकेतल्या छळछावण्यांत होती. केप टाउन विद्यापीठाने त्या छावण्यांच्या नोंदींचा शोधता येईल असा संग्रह इंटरनेटवर ठेवलाय.

अजून एक दिशा, जी जुन्या वंशावळींनी मुद्दाम झाकली. ही आडनावं फक्त गोऱ्यांची नाहीत. केपच्या कलर्ड, म्हणजे मिश्र वंशाच्या, समाजात फ्रेंच आडनावं सर्रास आहेत: कधी मालकाच्या घरातल्या नात्याने, कधी लग्नाने, कधी नुसत्या शेताच्या ओळखीने आलेली. आणि केपच्या गुलामांत भारतातून, बंगालमधून, मलबारमधून, कोरोमंडल किनाऱ्यावरून नेलेली माणसं होती. 'व्हॅन बेंगाले' असं लावलेलं नाव दिसलं की समजायचं. बंगालची आंजेला १६६६ मध्ये गुलामीतून मुक्त झाली, १६६९ मध्ये तिने आर्नोल्डस बासोन याच्याशी लग्न केलं आणि ती बासोन घराण्याची मूळमाता ठरली. आईकडच्या रेघा मागे नेल्या तर कितीतरी अस्सल आफ्रिकानर घराणी अशा बायकांपाशी येऊन पोचतात. म्हणून नुसत्या आडनावाच्या रेघेवर थांबू नका. आईची आई, तिची आई, असंही एकदा चालून बघा.

९. मांडून ठेवताना

प्रत्येक माणसाला एक पान. त्यावर माहिती आणि ती कुठल्या कागदातून आली हे शेजारी शेजारी. 'आजीने सांगितलं' हाही आधारच, पण तसं लिहून ठेवा. शंका असेल तिथं प्रश्नचिन्ह, आणि ते पुढच्याने खोडायला मोकळं असावं.

हयात माणसांची नावं, जन्मतारखा, पत्ते इंटरनेटवर टाकू नका, मग तो खेळाडूचा चुलत भाऊ का असेना. अडलात तर दक्षिण आफ्रिकेच्या वंशावळ संस्थेची इंटरनेटवरची शाखा आहे. तिथले लोक नवख्यांना मदत करतात, आणि त्यांच्याकडे थडग्यांच्या फोटोंचा प्रचंड संग्रह आहे. प्रश्न विचारताना पूर्ण नाव, साधारण साल, ठिकाण आणि आतापर्यंत काय पाहिलंत एवढं लिहा. 'डिव्हिलियर्सबद्दल माहिती हवी' असं लिहिणाऱ्याला उत्तर येत नाही, आणि येऊही नये.

फ्रान्सहूकला प्रत्यक्ष जाणं होणार असेल तर मळ्यांवर वाईन चाखायच्या आधी म्युझियम करा. जाण्यापूर्वी पत्र लिहून तुमची क्रमांकासह साखळी त्यांना कळवा, म्हणजे त्या शाखेचं काही त्यांच्याकडे असेल तर काढून ठेवता येईल. केप टाउनचं अभिलेखागार आणि स्टेलनबॉशमधलं चर्चचं दप्तर दोन्ही तासाभराच्या वाटेवर आहेत. त्यांच्या वेळा आधी विचारून घ्या, आणि फाइलींचे क्रमांक घरूनच उतरवून न्या.